हिला भोपळ्याचा वास येतो

धाकटा जावई चार दिवसांसाठी म्हणून आला होता, त्याला पाच महिने झाले; आणि तेवढ्या काळात त्याने दुकानातली एकही वस्तू वजन केल्याशिवाय सोडली नव्हती. विटांच्या कारखान्यात वीस वर्षं तो ट्रकच्या वजनकाट्यावर बसला होता. ट्रक आत येताना किती, बाहेर पडताना किती, मधलं कुठे गेलं. कारखाना बंद पडला, काटा भंगारात गेला, आणि काट्यावरचा माणूस बायकोला घेऊन सासुरवाडीला आला. तिथे त्याने मैदा जोखला, लोणी जोखलं, साबणाची वडी जोखली आणि एक दिवस सासूबाईंचं मांजरही जोखलं.

"तीन किलो दोनशे," असं त्याने जेवताना जाहीर केलं. कुणीही विचारलं नव्हतं.

"चारशे असेल," थोरला जावई म्हणाला.

"दोनशे." धाकट्याने हातातला घास खाली ठेवला.

"बरं, तीनशे धरा. घरचंच मांजर आहे."

"दोनशे म्हणजे दोनशे! मी दोनदा ठेवलंय."

थोरल्याने मग डाळ वाढून घेतली आणि प्रसन्न चेहऱ्याने जेवला. साडवाचं जेवण बिघडवण्याइतकं स्वस्त सुख त्या घरात दुसरं नव्हतं. दोघांत विळ्या-भोपळ्याचं सख्य होतं, असं शेजारी म्हणत. फक्त विळा कोण आणि भोपळा कोण यावर त्यांचं एकमत होत नसे.

थोरल्याचं दुखणं समजण्यासारखं होतं. एकोणीस वर्षं तो त्या बेकरीच्या भट्टीपाशी उभा होता. आधी सासऱ्यांच्या हाताखाली, ते गेल्यावर एकटा. राहायला दुकानावरची खोली सासूबाईंची, बायको सासूबाईंची मुलगी, गळ्यातला एप्रन सासऱ्यांचा. स्वतःचं म्हणावं असं त्याच्यापाशी काय होतं, तर भट्टी. आणि तीही त्याची नव्हतीच. सासूबाई चौऱ्याहत्तरीच्या झाल्या होत्या. त्यांनी जाहीर केलं होतं, "भट्टी कुणाच्या हाती जाणार हे मी डोळे उघडे असतानाच ठरवणार. मागाहून तुम्ही दोघं ठरवायला बसलात, तर गल्ली खुर्च्या टाकून बघायला येईल."

धाकटा येईपर्यंत त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतं. आता होतं.

दुकानाचं नाव चालायचं ते भोपळ्याच्या पाईवर. काचेवर सासऱ्यांनी स्वतःच्या हाताने रंगवलेलं होतं, 'अख्ख्या ताज्या भोपळ्यापासून', आणि त्याखाली रोज एक तांबडा भोपळा मांडलेला असे. दिवसाला चौदा पाई. दुपारनंतर आलेल्याला नुसता भोपळा बघायला मिळे. सासूबाई गल्ल्याच्या पेटीवर बसत आणि रोज शेवटचा तुकडा स्वतः खात. गुडघ्यांमुळे मागच्या भट्टीच्या खोलीत त्या कित्येक वर्षांत आल्या नव्हत्या. भोपळे आणण्यापासून पाई बाहेर काढण्यापर्यंत सगळं थोरल्याच्या हाती होतं. आणि जे एकाच्याच हाती असतं, त्याला दुसऱ्याने वजन लावलं की घोटाळा होतो.

धाकट्याने वजन लावलं ते कचऱ्याच्या बादलीला.

कोठीच्या दारात त्याने थोरल्याला गाठलं. हातात कागदाचा चिटोरा होता.

"साडूभाऊ, एक शंका होती."

"तुम्हाला शंका नसती तर मला आली असती."

"चौदा पाईंना पाच भोपळे तरी लागतात. पाच भोपळ्यांच्या साली, बिया, आतले दोरे मिळून तीन किलो कचरा निघायला हवा. तुमच्या बादलीत रोज सहाशे ग्रॅम. बारा दिवस बघतोय. उरलेल्या चार भोपळ्यांना सालीच नसतात का?"

"कचरा जोखता? आता तेवढंच राहिलं होतं."

"म्हणून मग माळ्यावर चढलो," धाकटा म्हणाला. "मैद्याच्या पोत्यांमागे."

थोरल्याने हातातली चाळणी बाजूला ठेवली. मैद्याच्या पोत्यांमागे भोपळ्याच्या गराचे बंद डबे होते; शिजवलेला, गाळलेला, घोटलेला तयार गर. झाकण उघडायचं, अंडी-साखर घालायची, ओतायचं. अकरा वर्षं तो हेच करत होता. एक भोपळा रोज खरा कापायचा, तो भाजल्याचा वास दुकानभर सोडायचा. बाकी सगळा डबा.

"सांगा जाऊन आईंना," तो म्हणाला.

"छे हो! चुगली करणारा जावई कुणाला आवडतो? मी फक्त त्यांना एक सुचवणार आहे." धाकट्याने चिटोरा चार घड्या घालून खिशात ठेवला. "दोघांनी एकेक पाई करायची. त्यांच्या डोळ्यांसमोर, अख्ख्या भोपळ्यापासून. शेवटचा कधी केला होतात, आठवतं?"

"वीट भाजणं आणि पाई भाजणं यात फरक असतो, साडूबुवा."

"बघू ना. तुम्ही विसरलेले, मी न शिकलेला. बरोबरीचा सामना."

सासूबाईंना कल्पना एकदम पसंत पडली. दोघांना समोरासमोर उभं करायचा मान कुणी आपण होऊन देत असेल, तर त्या कधीच नाही म्हणत नसत.

दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांची खुर्ची उचलून भट्टीच्या खोलीत ठेवली. दोन मुली, म्हणजे थोरली आणि धाकटी, दोन बाजूंना उभ्या राहिल्या. टेबलावर दोन भोपळे होते. धाकट्याने स्वतः जोखून आणलेले, दोन्ही अडीच किलोचे.

"माझा मीच निवडणार," थोरला म्हणाला आणि धाकट्यासमोरचा भोपळा उचलून घेतला.

"घ्या, घ्या. विष घातलं असतं तर वजनात दिसलं असतं."

सुरी आत जाईना. एके काळी एका घावात भोपळा उघडणारा माणूस, आता सुरी मधेच अडकवून बसला. सासूबाईंनी भुवया वर केल्या. थोरल्याने भोपळा फिरवला, देठ बाजूला धरून टोकाकडून घाव घातला, आणि दोन भकलं झाली. तिथून पुढे हाताला एकेक गोष्ट आठवत गेली. चमच्याच्या कडेने दोरे खरवडायचे, सगळे, कारण एक राहिला तरी दातात येतो. भकलं पालथी करून भाजायची, म्हणजे आतलं पाणी सुटतं आणि कडा करपून गोडी उतरते. सुरीचं टोक लोण्यात जावं तसं गेलं की बाहेर. गर गरम असतानाच काढून चाळणीतून घासायचा, मग फडक्यात बांधून टांगायचा. पाणी जितकं जाईल तितका भोपळा उरेल.

धाकट्याने फोडी केल्या, प्रत्येक एका मापाची, आणि त्या पातेल्यात पाणी घालून उकळल्या. पाणी किती ते लिहून ठेवलं. भोपळ्यात आधीच पाणी असतं, ते मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

बेसिनवरच्या दोन खुंट्यांना दोन फडकी टांगली. थोरल्याच्या फडक्यातून थेंब पडत होता. धाकट्याच्या फडक्यातून धार.

"नळ बंद करा कुणीतरी," थोरला म्हणाला.

"मोजायला बरं पडतं," धाकटा म्हणाला खरा, पण त्याचा चेहरा उतरत चालला होता. खालचं भांडं त्याने दोनदा रिकामं केलं. वरचं गाठोडं नारळाएवढं होतं, ते लिंबाएवढं होण्याच्या मार्गाला लागलं होतं.

दीड वाजता सासूबाई आडव्या झाल्या. जगबुडी आली तरी त्या दीड ते साडेतीन झोपत. थोरला वर जेवायला गेला.

"हरलात तर वर येऊ नका," बायको ताट मांडत म्हणाली. मग जरा विचार करून, "या, पण बोलू नका. त्याचं तोंड बघायचं आणि तुमचं ऐकायचं, दोन्ही माझ्याच्याने नाही होणार."

"माझीच पाई चांगली होणार आहे."

"मला काय सांगता? मी कुठे आईची जीभ आहे?"

तो खाली आला तेव्हा धाकटा अंडी फेटत होता आणि त्याच्या वाडग्यात गर घट्ट, गुळगुळीत, विटेच्या रंगाचा दिसत होता. थोरल्याने एकदा पाहिलं, पण त्याला स्वतःचा गर आटवायचा होता. पसरट कढईत, मंद आचेवर, कडा सोडेपर्यंत, क्षणभरही उलथनं न थांबवता. मग साय, अंडी, तपकिरी साखर, दालचिनी, सुंठ, जायफळ किसून. मैदा त्याने थंड लोण्यात बोटांच्या टोकांनीच मिसळला, बर्फाच्या पाण्याने बांधला, पसरून त्यावर वजनापुरता राजमा घालून आधी कोरा भाजला, म्हणजे सारणाखाली कच्चा राहत नाही. भट्टीतून पाई निघाली तेव्हा कडेने थिजली होती आणि मधे हातभर लांबूनही कळेल इतकी थरथरत होती. निवताना ती थरथर आपोआप थांबते. अकरा वर्षांत इतकी चांगली पाई त्या भट्टीतून निघाली नव्हती. हे त्याला ठाऊक होतं, आणि हे ठाऊक असणारा तो एकटाच होता, म्हणून त्याला थोडी लाजही वाटली.

पाच वाजता पाई निवल्या. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं, मुलींनी दोन बश्यांत दोन तुकडे ठेवले आणि मगच त्या वळल्या.

त्यांनी पहिला घास घेतला. थांबल्या. पाणी प्यायल्या. दुसऱ्या बशीतला घेतला. पुन्हा पहिल्यातला. धाकट्याचा श्वास नाकातून शिटीसारखा येत होता.

"ही." त्यांनी दुसरी बशी पुढे ओढली. "ही आपली. ह्यांच्या हातची अशीच असायची."

"आणि ती?" थोरल्याने विचारलं.

सासूबाईंनी पहिली बशी नाकाजवळ नेली. "हिला भोपळ्याचा वास येतो."

"आई, भोपळ्याचीच आहे ना ती."

"असेल. आपली नाही. आणि वर दोरेही लागतात बारीक बारीक. कुणाची आहे ही?"

थोरलीने मान खाली घातली. धाकट्याने रुमालाने कपाळ पुसलं आणि सासूबाईंच्या पाया पडायला वाकला.

थोरल्याने दुसऱ्या बशीत पाहिलं. कापलेली कड एकसारखी, विटकरी, चकचकीत. एक दोरा नाही, एक ठिपका नाही. स्वतःच्या पोराला गर्दीत पाठमोरं ओळखावं तसं त्याने ते सारण ओळखलं. दीड ते साडेतीनच्या मधे धाकट्याने आपलं लिंबाएवढं गाठोडं बेसिनमध्ये रिकामं केलं होतं आणि माळ्यावर चढला होता.

आता दोनच गोष्टी करता येत होत्या. गप्प बसलं, तर भट्टी साडवाची आणि आपण त्याच्या हाताखाली, उरलेल्या जन्माचे. बोललं, तर अकरा वर्षं टेबलावर येणार होती.

"आई, ती डब्याची आहे."

"कसला डबा?"

"भोपळ्याच्या तयार गराचा. बाजारात मिळतो. तुम्हाला ती आपली वाटते, कारण अकरा वर्षं मी तुम्हाला तीच खाऊ घालतोय. रोज. सगळ्यांनाच."

धाकटा अर्धा वाकलेला सरळ झाला. "हरलं की माणूस वाटेल ते ओकतो, आई. ह्यांनी घातले असतील डबे, ह्यांचं ह्यांना माहीत. मी तर डबे हा शब्दच आज ऐकतोय. मी भोपळा चिरला, तुमच्यासमोर."

"माळ्यावर बघा, मैद्याच्या पोत्यांमागे," थोरला म्हणाला. "सत्तेचाळीस डबे आहेत."

"शेहेचाळीस," धाकटा म्हणाला.

थोरल्याने हे ठरवून केलं नव्हतं. कालपर्यंत सत्तेचाळीसच होते. धाकट्याचं तोंड अजून उघडं होतं, जणू निघून गेलेला आकडा परत आत येईल. त्याच्या बायकोने डोळे मिटले. "देवा," ती म्हणाली, "मांजराच्या वेळीच मला कळायला हवं होतं."

सासूबाईंनी दोन्ही बश्या एकदा पाहिल्या. मग थोरल्याकडे वळल्या.

"का?"

"त्या साली भोपळे पाणचट आले होते. घाईत डबे उघडले. संध्याकाळी तुम्ही तुकडा खाल्लात आणि म्हणालात, 'आज हात जमला.'" त्याने एप्रनला हात पुसले, जरी ते कोरडे होते. "त्याआधी आठ वर्षं मी खरा भोपळा करत होतो. आठ वर्षांत एकदाही म्हणाला नव्हतात."

"म्हणजे चूक माझ्या जिभेची?"

"तसं नाही."

"मग कशी? बोल ना. आता कशाला गप्प बसतोस?"

एकोणीस वर्षांत त्यांनी जावयाला अहो-जाहोच केलं होतं, रागावल्या तरी. थोरलीने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली बघत होता.

सासूबाईंनी पहिली बशी जवळ घेतली आणि भोपळ्याचा वास येणारा तो तुकडा, चेहरा वाकडा करत, शेवटच्या कणापर्यंत खाल्ला. औषध घ्यावं तसा.

"एकाने अकरा वर्षं फसवलं, एकाने एका दुपारी. गती म्हणाल तर धाकट्यांची जास्त." त्यांनी बशी बाजूला सारली. "भट्टी तुझी. आनंद नको दाखवू, माझं संपलं नाही. इमानावर पहारा बसवता येतो. भोपळा जमणारा हात मी कुठून आणू? उद्या पेटीवर मी बसणार नाही. तू उभा राहायचंस. नेहमीचं गिऱ्हाईक येईल, त्या प्रत्येकाला आपल्या तोंडाने सांगायचं: अकरा वर्षं डबा खाल्लात, मी घातला, आजपासून भोपळा. एकालाही तसंच सोडलंस, तर भट्टी ह्या धाकट्यांची. मग पाई खाऊन लोक मेले तरी चालतील."

"आणि मी?" धाकट्याने विचारलं.

"तुम्ही शेजारी उभं राहून मोजा. दुसरं काय येतं तुम्हाला?"

सकाळी आठला दार उघडलं. पहिला आला तो घड्याळं दुरुस्त करणारा म्हातारा, कोपऱ्यावरचा. दर आठवड्याला एक तुकडा, उभ्या उभ्या, डोळे मिटून. आणि खाऊन झाल्यावर ज्याला ऐकायचं नसेल त्यालाही तो भोपळ्याविषयी सांगत असे. थोरला पेटीमागे उभा होता. त्याच्या शेजारी धाकटा, हातात पेन्सिल. मागच्या खोलीच्या दाराआड खुर्ची करकरली.

"घड्याळवाले," थोरला म्हणाला, "खाण्याआधी एक सांगायचंय. अकरा वर्षं तुम्ही इथे डब्यातला गर खाल्लात. मी घातला. आजपासून खरा भोपळा."

म्हातारा हसला. मग हसणं अर्ध्यावर टाकून त्याने थोरल्याला नीट न्याहाळलं. "सकाळी सकाळी घेतलीय की काय?"

"नाही. खरं सांगतोय."

"मला? डबा? अहो, तीन घरांच्या लग्नांत स्वयंपाक चाखायला मला बोलावून नेलंय. मला डबा खाऊ घालणारा अजून जन्माला यायचाय!"

"जन्मलाय. तुमच्यासमोर उभा आहे."

"तोंड सांभाळून बोला!" म्हाताऱ्याने बशी ओढली, रागारागाने एक घास घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा त्यांत विजय होता. "हं! आत्ता कळलं. ही, ही डब्याची आहे! आजच सुरू केलंत, आणि वर मलाच शहाणपण शिकवताय, की आधीची डब्याची होती म्हणून? म्हणजे फरक कळला तरी गिऱ्हाइकाने गप्प बसावं!" तो मागच्या दाराकडे वळून ओरडला, "मालकीणबाई, जावयाला आवरा! दुकान बुडवायला निघालाय!"

रांगेत आणखी पाच-सहा जण येऊन उभे होते. "काय झालं?" "डबे घालायला लागलेत म्हणे." "तरीच. परवाची किती छान होती."

"सांगितलंस का?" आतून आवाज आला.

"सांगितलं!"

"पटलं का त्यांना?"

म्हातारा काठी आपटत होता.

धाकट्याची पेन्सिल कागदावर अधांतरी थांबली होती. "आई, हा धरायचा की नाही? सांगितलं ते मोजायचं, की पटलं ते?"

"पटलं ते."

थोरल्याने मान वळवून साडवाकडे अशी नजर टाकली की पेन्सिल दोन इंच मागे सरली. मग तो पेटीमागून बाहेर आला, कोपऱ्यातलं स्टूल पायाने ओढलं आणि म्हाताऱ्यासमोर ठेवलं. रांग दारापर्यंत गेली होती.

"बसा," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांगतो."